‘समक्ष जमा करतो’ म्हणणाऱ्या एजंटला आधी खिडकी दाखवायला सांगा

भावांनो, मागच्या हिवाळ्यात ब्रॅम्प्टनच्या साइटवर जेवणाच्या सुट्टीत एक हेल्पर पोरगा माझ्याकडं आला. खुशीत होता. म्हणाला, “दादा, बायकोची फाइल समक्ष जमा झाली.” कुणी केली? एजंटनं. कुठं? “ऑफिसात.” समक्ष जायचे पैसे वेगळे घेतलेले. पावती नाही, अर्जाचा नंबर नाही. आणि पोरगा वर्क परमिटवर.

आता सरळ सांगतो. कॅनडात बायकोच्या स्पॉन्सरशिपचा अर्ज समक्ष घेणारी खिडकीच नाही. इकडंही नाही आणि दिल्लीच्या हाय कमिशनमध्येही नाही. २३ सप्टेंबर २०२२ पासून पीआरचे बहुतेक अर्ज ऑनलाइनच घ्यायला सुरुवात झाली. अपंगत्वामुळं ऑनलाइन जमत नसेल तर वेगळी सोय मागता येते, पण ती मागावी लागते. मुंबई-पुण्याच्या व्हीएफएसमध्ये बोटांचे ठसे देतात, पासपोर्ट देतात. तिथला माणूस तुमच्या लग्नाचा निकाल लावत नाही. तेव्हा “मी समक्ष देऊन आलो” म्हणणारा खोटंच बोलतोय.

आपण फसतो का, तर आपली सवय तहसीलची. कागद हातानं द्यायचा, आवकचा शिक्का मारून पोच घ्यायची, मग रात्री झोप लागते. मीही डिप्लोमावाला असून माझ्या वेळी एका दिवसाचा रोज बुडवून, फाइल बगलेत मारून एका कचेरीत गेलो होतो. दारावरच्या माणसानं “ऑनलाइन” एवढा एकच शब्द टाकला. सरकार याला सोय म्हणतं. ऑफिसात बसणाऱ्याला असेल सोय. दहा तास काँक्रीट ओतून, पाच जणांच्या बेसमेंटमध्ये मोबाइलवर इंग्रजी फॉर्म भरणाऱ्याला कसली सोय? कॉल सेंटर आहे, पण तेही कॅनडातल्याच माणसासाठी, तिकडून बायकोला लावता येत नाही. सरकारनं खिडकी ठेवली नाही, त्या रिकाम्या जागेवर एजंटनं टेबल मांडलं.

आणि तो काय करतो बघा. पोर्टलवर खातं तुमच्या नावाचं, पासवर्ड त्याच्याकडं. नात्याबद्दलच्या फॉर्मात लग्न कसं झालं, कोण आलं होतं, एकत्र किती राहिलात, हे विचारतात. आमच्या एका गवंड्याचं लग्न दारात मांडव घालून झालेलं, एजंटनं लिहिलं बँक्वेट हॉल. दुसऱ्याच गिऱ्हाइकाची गोष्ट उचलून चिकटवलेली. फोटो मांडवातले! असली विसंगती निघाली की लग्नच खोटं ठरवायला कारण मिळतं, आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी. ती एजंटवर नाही, तुमच्यावर.

त्याला विचारायचा प्रश्न एकच: कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत तुझं नाव आहे का, की तू वकील आहेस? पैसे घेऊन काम करणाऱ्याला हे लागतंच, आणि त्याचं नाव अर्जात प्रतिनिधी म्हणून दाखवावं लागतं. “माझं नाव टाकू नका” म्हणाला की उठा तिथून.

हिशोबही ऐका. ३० एप्रिल २०२४ च्या दरानं सरकारी फी १,२०५ डॉलर: ८५ स्पॉन्सरशिपचे, ५४५ प्रक्रियेचे, ५७५ पीआर हक्काचे. ठशांचे ८५ वेगळे. यातले ५७५ अर्ज नामंजूर झाला तर परत मिळतात. एजंट हे सांगत नाही. गावच्या ग्रामसेवकाकडचा विवाह नोंदणीचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, मराठी कागदांचं भाषांतर (घरच्या माणसानं केलेलं चालत नाही), वीसपर्यंत फोटो, व्हॉट्सॲपच्या गप्पांची काही पानं. हे जमवायला एजंट लागत नाही. आणि फोनवर लग्न लावून मोकळं होऊ नका, ११ जून २०१५ पासून असं लग्न चालत नाही. अर्जाला नसलं तरी लग्नाला समक्ष जावंच लागतं.

पण त्या हेल्पर पोराचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. स्पॉन्सर व्हायला पीआर किंवा नागरिकत्व लागतं. वर्क परमिटवाल्याचा अर्ज होतच नाही. एजंटनं जे विकलं ते अस्तित्वातच नव्हतं. पीआरवाल्यानंही “गावी जाऊन तिकडूनच भरतो” म्हणू नये. पीआर स्पॉन्सर कॅनडात राहत असावा लागतो, बाहेर राहून भरायची मुभा फक्त नागरिकाला.

मग परमिटवाल्याच्या बायकोनं काय करायचं? २१ जानेवारी २०२५ पासून तिचा ओपन वर्क परमिट नवऱ्याच्या कामाच्या दर्जावर ठरतो. टीअर ० आणि १ वाले बसतात, टीअर २-३ मधली निवडक कामं बसतात, त्यात बांधकामातलेही काही कुशल धंदे आहेत. शिवाय नवऱ्याच्या परमिटचे किमान १६ महिने उरलेले पाहिजेत. हेल्पर-मजूर टीअर ५. म्हणजे एकाच स्लॅबवर उभ्या दोघांपैकी एकाची बायको येऊ शकते, त्याला माल पुरवणाऱ्याची नाही. सळई दोघंही उचलतात. कोणत्या इंजिनिअरिंगनं हा भार असा वाटला, मला कुणी समजावून सांगा.

हा खेळ जुना आहे. १९१२ साली व्हँकुव्हरला भागसिंग आणि बलवंतसिंग यांच्या बायका उतरल्या, तेव्हा त्यांना परत पाठवायचा हुकूम निघाला होता. शेवटी मेहेरबानी म्हणून राहू दिलं, हक्क म्हणून नाही. ते भांडले म्हणून तेवढं तरी मिळालं.

समक्ष जायची एक जागा मात्र आहे: तुमच्या भागातल्या खासदाराचं ऑफिस. मत नसलं तरी जाता येतं, फुकट असतं. निकाल ते बदलू शकत नाहीत, पण अडकलेल्या फाइलची चौकशी करतात. अर्जाचा नंबर आणि सही केलेलं संमतीपत्र घेऊन जा, साइटच्या बुटांवरच जा. फाइलचं झालं की तिथंच विचारा, हेल्परच्या बायकोला परमिट का नाही? दोघं-चौघं मिळून लेखी द्या, आणि पोच घेऊनच बाहेर पडा.