टीडीएसच्या पेनला काय दिसत नाही

तुमच्या स्वयंपाकघरात टीडीएस मोजायचं पेन असेल, तर एक विनंती: त्यावरचा आकडा म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचं प्रमाणपत्र समजू नका. पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढंच ते पेन मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शिशासाठी घातलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पेनवर १५० दिसत असताना शिसं या मर्यादेच्या दहापट झालं, तरी आकडा हलणार नाही.

मस्कतच्या नळाला येतं ते मुख्यतः क्षार काढलेलं समुद्राचं पाणी; अल घुब्राचा पहिला प्रकल्प १९७६चा. पण प्रकल्पापासून पेल्यापर्यंतच्या वाटेत गच्चीवरची टाकी, पितळी तोट्या आणि जुने सांधे आहेत.

नेमका आयन ओळखायला वेगळी युक्ती लागते. गंधक असलेले सेंद्रिय रेणू सोन्याच्या पत्र्याला गंधकाच्या टोकाने चिकटतात आणि गवतासारखे दाटीने उभे राहतात. थराची जाडी एक-दोन नॅनोमीटर. या रेणूंमध्ये हव्या त्या आयनाला धरून ठेवणारी रचना आधीच बसवलेली असते. आयन तिथे अडकला की थरावरचा विद्युतभार बदलतो, सोन्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचणं सोपं किंवा अवघड होतं, आणि तो फरक मोजता येतो. इस्रायल रुबिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की असा थर तांब्याच्या आयनांना दाद देतो आणि लोखंडाच्या आयनांना दारातच अडवतो. (तांबं हे ओमानचं फार जुनं धन, मेसोपोटेमियाचे लोक ते याच भूमीतून नेत.)

आता माझी तक्रार, आणि ती आम्हा वीजरसायनवाल्यांबद्दलच आहे. असे थर आम्ही बहुधा शुद्ध पाण्यात एकच आयन घालून तपासतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोन्या-गंधकाचा बंधच कुरतडतं. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम शिशाच्या हजारो पट असतं. निझ्वाच्या फलज दारिसचं किंवा यवतमाळच्या बोअरचं पाणी घालून पाहिल्याशिवाय 'संवेदक तयार' असं कोणी लिहू नये, आणि परीक्षकांनी ते छापू देऊ नये.

तोवर गावी आई-वडील बोअरचं पाणी पीत असतील, तर त्यांना पेन पाठवू नका. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक बाटली द्यायला सांगा आणि फ्लोराइड मुद्दाम तपासून घ्या. त्याची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे.