धाप, भीति आणि परिचारिकेचें बोलणें

घरांतील वृद्ध आजोबा धापेनें कासावीस झाले म्हणजे आपण सहज म्हणतों, "घाबरूं नका." हेतु चांगला, परंतु एवढ्या शब्दांनीं परीक्षेचें भय गेलेला विद्यार्थीहि आमच्या पाहण्यांत नाहीं, मग ज्यास श्वासच पुरत नाहीं त्याची कथा काय?

फुप्फुसांच्या ज्या चिवट विकारास डॉक्टर लोक सी. ओ. पी. डी. म्हणतात, तो बिडी-सिगारेटनें होतो, तसाच वर्षानुवर्षें चुलीचा धूर घेणाऱ्या स्त्रियांसहि होतो. त्यांत श्वासनलिका अरुंद होतात व आंत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. अशा मनुष्यास भय वाटलें कीं श्वास जलद होतो. उच्छ्वासास वेळ उरत नाहीं. हवा आंत कोंडते आणि धाप वाढते. मग "आतां प्राण जाणार" असें वाटून भय दुणावतें. तो जिना टाळतो, बाजार टाळतो, उपासनेस येणें सोडतो. पायांचे स्नायु अशक्त होतात आणि चार पावलें चालतांच पुन्हां धाप लागते. घरचीं माणसें यास भित्रेपणा म्हणतात. हा अन्याय होय.

इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें श्वसनरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनींच या चक्रावर इलाज केला. 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' असें त्याचें नांव. धाप लागली तेव्हां मनांत काय आलें, हें रोग्यास विचारावयाचें; भय व धाप यांचें चक्र त्यास उलगडून दाखवावयाचें; आणि थोडें चालून थांबल्यावर धाप ओसरते, हें त्याच्याच अनुभवास आणून द्यावयाचें, अशी त्याची रीत आहे. २७९ रोग्यांवरील या चाचणीचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ माहितीपत्रकें मिळालेल्यांपेक्षां परिचारिकेशीं बोललेल्यांची चिंता तीन महिन्यांनीं अधिक उतरलेली आढळली.

येथें एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. इंग्लंडांतच पुढें झालेल्या 'टँडेम' नांवाच्या चाचणींत अशाच उपचारानें चिंता कमी झाल्याचें दिसलें नाहीं. यावरून हा उपाय टाकाऊ ठरतो असें आम्हांस वाटत नाहीं. कोणत्या रोग्याशीं कोणीं व कसें बोलावें, हें शिकण्याची विद्या आहे, एवढें मात्र ठरतें. मनाच्या डॉक्टरांकडे पाठविलें तर "मी काय वेडा आहें?" असें म्हणून पुष्कळ जण जातच नाहींत. छातीचें दुखणें जाणणारी परिचारिका तर समोरच असते. तिला शिक्षण द्यावें, वेळ द्यावा, आणि तिच्या बोलण्यास औषधाची योग्यता द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परिचारिकेचें काम म्हणजे पट्ट्या बांधणें व भांडीं उचलणें, असें समजून मुलींस त्यापासून परावृत्त करणारे पालक आजहि आहेत. त्यांनीं नकार देण्यापूर्वीं जवळच्या इस्पितळांत जाऊन एकदां पाहावें, कीं इनहेलर कसा ओढावा हें रोग्यास कोण शिकवितें, आणि मध्यरात्रीं धाप लागली असतां तो प्रथम कोणास हांक मारतो.