पदकाच्या आधी पाणी

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय ४२, नोकरी स्थिर, घरी पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. गेली काही वर्षे ते हौसेने सायकल चालवितात. रविवारी पहाटे फोंड्याहून निघावे, पणजी गाठावी आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे, हा त्यांचा नेम. २०० किलोमीटरची ब्रेव्हे त्यांनी साडेतेरा तासांच्या मर्यादेत दोनदा पुरी केली आहे. मध्यंतरी आरती आटोपून देवळाच्या सोप्यावर मंडळी बसली असता त्यांनी मनातली गोष्ट काढली. पुढल्या वर्षी दीर्घ अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये उतरावे, असा त्यांचा विचार चालला आहे. एवढ्यावरून सोप्यावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, हे वेड आहे. दुसरा म्हणाला, नाव आजच नोंदवा, तयारीचे मागाहून पाहता येईल. आमचे म्हणणे असे की, दोन्ही पक्ष चुकले, आणि दुसरा पहिल्याहून अधिक चुकला.

प्रथम वस्तुस्थिती सांगणे इष्ट. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा न घेता, पुऱ्या करावयाच्या म्हणजे ट्रायथलॉन. तिच्या दीर्घ प्रकाराचा उगम १९७८ सालच्या फेब्रुवारीतला, हवाईच्या ओआहू बेटावरचा. पोहणारा, सायकल चालविणारा आणि धावणारा यांत खरा दमाचा कोण, हा तेथील हौशी मंडळींत वादाचा विषय होता. अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरील तीन निरनिराळ्या शर्यती एकाच दिवसात गुंफून तो वाद निकालात काढण्याचे ठरविले. १५ जण उतरले, १२ जण शेवटास पोहोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलर यास पावणेबारा तास लागले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हेच माप पुढे रूढ झाले. त्याची निमपट म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. मैलांत ही बेरीज ७०.३ भरते, म्हणून शर्यतीस नावही तेच पडले. या नावाची निमपट शर्यत भारतात प्रथम झाली ती आपल्या मिरामारला, २०१९ च्या ऑक्टोबरात. पोहण्यास साधारणतः ७० मिनिटे आणि सर्व मिळून साडेआठ तास अशी तिची मुदत असते. आमच्या गृहस्थांच्या मनात आहे ती हीच.

आता पहिला पक्ष. त्याचे म्हणणे तीन कलमांत मांडता येते. चाळिशी उलटलेल्या संसारी माणसास हे शोभत नाही. हे खूळ परदेशातले आहे. आणि देहाचे इतके कौतुक आपल्या धर्मास मान्य नाही. हे बोलणाऱ्यांपैकी निम्मे तरी आषाढीस वारकऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणारे आहेत. देहू-आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. ते अंतर तीन आठवडे पावसापाण्यात चालणाऱ्यांत साठी उलटलेले शेकड्यांनी असतात. त्यांस कोणी वेडे म्हणत नाही. शिरगावच्या लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात. त्यांस आम्ही हात जोडतो. देह झिजविणे आमच्या धर्मास परके कधीच नव्हते. परका आहे तो आळस, आणि त्यासच आम्ही अलीकडे प्रतिष्ठितपणा म्हणू लागलो आहोत. खेळ हवाईत जन्मला हा आक्षेप असेल, तर सोप्यावर सुटलेला विजेचा पंखाही कोणा ऋषींनी लावलेला नाही. पहिल्या पक्षाचा दावा येथे खर्चासह फेटाळावा लागतो.

दुसऱ्या पक्षाचा दावा वरवर पाहता उत्साहाचा आहे, म्हणून अधिक घातक. आज नाव नोंदवा, शुल्क भरा, कार्बनची सायकल घ्या, मित्रमंडळींस छायाचित्रे धाडा. एकदा जाहीर झाले की सराव आपोआप होतो, असा त्याचा युक्तिवाद. यशस्वी होऊन येणाऱ्यास शाल-श्रीफळ देण्याचे वचनही सोप्यावर तिथल्या तिथे देण्यात आले. आम्हांस या ठिकाणी गीतेच्या सतराव्या अध्यायाची आठवण होते. तेथे तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची आशा न धरता श्रद्धेने केलेले तप सात्त्विक. मानसन्मानासाठी, लोकांस दाखविण्यासाठी केलेले राजस आणि म्हणून अस्थिर. मूढ हट्टाने स्वतःच्या देहास पीडा देऊन केलेले तामस. आधी जाहिरात व मग तयारी, या क्रमाने निघालेला मनुष्य राजसापासून आरंभ करतो आणि शर्यतीच्या दिवशी तामसात जाऊन पोहोचतो. तयारी अपुरी आहे हे त्याचे त्यास ठाऊक असते. परंतु चार लोकांत सांगून बसल्यामुळे माघार घेता येत नाही. लईराईचे धोंडदेखील एकदम निखाऱ्यांवर पाऊल टाकीत नाहीत. त्यापूर्वी कित्येक दिवस ते सोवळ्याने राहतात, स्नाने करतात, व्रत पाळतात. आधी व्रत, मग अग्नी, हा क्रम आपल्याच भूमीत शिकविलेला आहे. तो उलटविणाऱ्याने परंपरेचे नाव घेऊ नये.

या उलट्या क्रमाचा परिणाम सर्वांत आधी दिसतो तो पाण्यात. सोप्यावरील अर्ध्या तासाच्या चर्चेत सायकलीचे वजन, चाकांची जात, बुटांची किंमत, सारे निघाले. एकाही शहाण्याने विचारले नाही की, अहो, तुम्हांस पोहता येते काय? आम्ही विचारले. गृहस्थ प्रांजळ असल्यामुळे ओशाळून म्हणाले, थोडेफार. उलटतपासणीत निष्पन्न झाले ते असे की, तलावाच्या उथळ बाजूस दोन-चार हात मारता येतात, आणि तळाला पाय लागला नाही की छातीत धडकी भरते.

११३ किलोमीटरच्या शर्यतीत पोहणे अवघे १.९ किलोमीटर, म्हणजे शेकडा दोनहूनही कमी. म्हणून सायकलवाला त्यास क्षुल्लक समजतो. आता आकडे पाहा. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात झालेले आकस्मिक मृत्यू, हृदय अकस्मात बंद पडल्याचे प्रसंग आणि अपघाती मृत्यू यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एकूण १३५ प्रसंग नोंदले गेले. त्यांपैकी ९० पोहताना घडले. या व्यक्तींचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते, आणि शंभरात ८५ पुरुष होते. आमच्या गृहस्थांचे वय पुन्हा एकदा ध्यानात घ्यावे. सायकलवर दम संपला तर रस्त्याकडेला उतरता येते. धावताना पाय गेले तर चालता येते. पाण्यात थांबावयास जागा नाही. समुद्रात धरावयास भिंत नसते, तळाशी रेषा नसते. लाट तोंडावर येते, शेजारच्याचा हात डोक्यावर बसतो, दिशा पाहण्यासाठी मान वर काढावी तर श्वासाची लय मोडते. ही लय महिनोन् महिने घोटूनच अंगी बाणते. उत्साहाने ती येत नाही आणि पैशाने मुळीच नाही.

नाव नोंदविताना स्पर्धकाने धोका समजून-उमजून पत्करल्याची कबुली द्यावी लागते. आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो. जाणूनबुजून संकटात उतरणाऱ्यास त्याबद्दल दुसऱ्याकडे भरपाई सहसा मागता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. तो कागद कोणत्या न्यायालयात कितपत टिकेल, हा निराळा वाद. आमचा प्रश्न साधा आहे. जो धोका ठाऊकच नाही, तो समजून पत्करला असे लिहून देणारा मनुष्य कोणाशी खोटे बोलतो? आयोजकांशी नव्हे, स्वतःशी, आणि ज्यांचा संसार त्याच्यावर उभा आहे त्या घरच्या माणसांशी. कराराची पूर्तता एका दिवसाची असते, संकल्पाची रोजची. म्हणून संकल्प आधी हवा.

येथे आम्हांस आपल्या समाजासही चार शब्द सुनवावयाचे आहेत. आमच्या देवळांसमोर तळ्या आहेत. मंगेशीची तळी तर त्या देवस्थानाचा सर्वांत जुना भाग मानली जाते. नद्यांनी आणि समुद्राने वेढलेला हा प्रदेश. आणि त्यात ४२ वर्षांचा सुशिक्षित, धडधाकट मनुष्य पाण्यास भितो, यात दोष एकट्या त्याचा नाही. एके काळी पोरे गावच्या तळीत किंवा ओहोळात आपसूक पोहावयास शिकत. आता कित्येक तळ्यांवर पाण्यात उतरू नये अशी पाटी आहे. ती पाटी काढा, असे आम्ही म्हणत नाही. पाण्याची शुद्धता, शेवाळलेल्या पायऱ्या, अपघाताची जबाबदारी, ही कारणे खरी आहेत. परंतु पाटी लावली की समितीचे कर्तव्य संपले, हे आम्हांस मान्य नाही. एक वाट बंद करणाऱ्याने दुसरी दाखवावी. पणजीत कांपालला तरणतलाव आहे, बेळगावात गोवावेसला आहे. उत्सवाच्या खर्चातील अल्पसा अंश काढून मे महिन्याच्या सुट्टीत समाजातील मुलामुलींस जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली पोहावयास शिकविणे कोणत्याही समितीच्या आवाक्यातले आहे. विजयी वीरास शाल पांघरण्यापेक्षा ते काम कितीतरी अधिक पुण्याचे. शाल एकालाच मिळेल. पोहणे शंभरांना तारील.

मग आमच्या गृहस्थांनी करावे काय? बेत सोडावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. त्यांनी व्रत धरावे, आणि त्याचा काळही आपल्या पंचांगात आयता आहे. येथील शर्यत आश्विन-कार्तिकाच्या सुमारास येते. तिच्या खास तयारीस लागतात ते चार महिने. म्हणजे चातुर्मासच. मात्र पावसाळ्यात समुद्र निषिद्ध, नद्या गढूळ व फुगलेल्या. म्हणून पोहणे त्यापूर्वीच हस्तगत झालेले असले पाहिजे. दिवाळीनंतर आरंभ करावा, आठवड्यातून तीनदा तलावावर जावे, आणि फाल्गुन-चैत्रात जाणत्या सोबत्यासह, जीवरक्षक हजर असताना, शांत समुद्रात उतरून पाहावे. आषाढी एकादशीस स्वतःला एकच प्रश्न विचारावा: न थांबता, न घाबरता दोन किलोमीटर पोहता येतात काय? येत असतील तर नाव नोंदवावे. नसतील तर आणखी एक वर्ष थांबावे. देव थांबतो, शर्यतही थांबेल.

व्रताचे उरलेले नियम थोडक्यात. हृदयाची तपासणी वैद्याकडून आधी करून घ्यावी. सायकलवरून उतरल्याबरोबर धावण्याचा सराव ठेवावा, कारण सायकलीस सरावलेले पाय जमिनीवर प्रथम परके वाटतात. एकादशीस उपवास असेल तर लांबचा सराव दुसऱ्या दिवशी करावा. कष्टाच्या कामात शरीरातील साखरेचा साठा दीड-दोन तासांत ओसरू लागतो, आणि ताशी निदान ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अन्न पोटात जावे लागते. केळी, खजूर, गूळ यांनी ते भागते. ते पचविण्याचीही सवय करावी लागते. नुसते पाणी ढोसणे धोक्याचे, कारण रक्तातील मीठ घटते. या दोन्ही गोष्टी घाम गाळणाऱ्या प्रत्येकाने जाणून असाव्यात.

आणि शेवटचा नियम, जो सोप्यावर कोणीच काढला नाही. अशा तयारीस आठवड्याचे आठ ते बारा तास जातात. ते येतात कोठून? रविवारी यजमान दुपारपर्यंत रस्त्यावर असतात, तेव्हा मुलांचा अभ्यास, आईचे औषध आणि देवाचे नैवेद्य कोण पाहते? गृहस्थाचे कोणतेही व्रत सहधर्मिणीच्या अनुमतीवाचून पुरे होत नाही, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ती अनुमती गृहीत धरावयाची नसते, मागावयाची असते. आणि उद्या तीच सायकल घेऊन तिने पहाटे बाहेर पडावयाचे ठरविले, तर चहा करून ठेवण्याची तयारी आपली आहे काय, हेही त्याच वेळी सांगून टाकावयाचे असते. या प्रश्नास जो चाचरतो, त्याचे तप अजून राजसच आहे.

आमच्या गृहस्थांनी हे सारे ऐकून घेतले. रागावले असतील, पण दुसऱ्या दिवशी तलावाच्या वेळा विचारण्यासाठी त्यांचा निरोप आला. नावनोंदणीविषयी त्यात अक्षर नव्हते. एका पक्षकारापुरता आमचा दावा आम्ही जिंकला, असे समजतो. दुसरा पक्षकार समाज आहे, आणि त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. येत्या मे महिन्यात किती देवस्थान समित्या आपली मुले पाण्यात उतरवितात, त्यावरून ते कळेल.