रुळासाठी ऋतू पाहता, मग पायासाठी का नाही?

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की भिलाईत भर दुपारी रस्ते ओस पडतात. पारा ४४-४५ च्या घरात जातो. यार्डातल्या खडीतून वर येणारी झळ तोंडावर आदळते. धडधाकट माणसाचेही अशा वेळी हाल होतात. मग ज्याचा एक पाय गुडघ्याखाली प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये आणि सिलिकॉनच्या लायनरमध्ये कोंडलेला आहे, त्याचे काय होत असेल? रेल्वे व टपाल खात्यातील बंधुभगिनींनी याचा थोडा विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही म्हणजे भिलाई-चरोदा परिसरातले, कृत्रिम पाय लावून रोज कामावर जाणारे काही मराठी कामगार. कुणाचा पाय शंटिंग करताना गेला, कुणाचा रस्त्यावरच्या अपघातात, कुणाचा मधुमेहाने. आमच्यात रेल्वेचे आहेत तसे टपाल खात्याचेही आहेत. कारणे वेगवेगळी, पण गाऱ्हाणे एकच. ‘पाय मिळाला, प्रश्न मिटला’ असे सर्वांनी धरून ठेवले आहे. प्रशासनाने धरले आहे, घरच्यांनी धरले आहे आणि स्पष्टच सांगायचे तर आमच्या संघटनांनीही धरले आहे.

रेल्वेच्या बांधवांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. भिलाईच्या कारखान्यात १९६० पासून देशाचे रूळ तयार होतात. हा रूळ पोलादाचा, पण तोसुद्धा ऋतूप्रमाणे वागतो. उन्हाळ्यात वाढतो आणि वाकण्याची भीती असते, थंडीत आकसतो आणि जोड तुटण्याची भीती असते, पावसाळ्यात त्याच्याखालचा भराव खचतो. म्हणून उन्हाळी गस्त वेगळी, थंडीची वेगळी, पावसाळी वेगळी. एकदा रूळ टाकला की काम संपले, असे कोणताही इंजिनियर म्हणत नाही. मग हाडामांसाच्या उरलेल्या पायावर बसवलेल्या कृत्रिम पायाबाबत मात्र ‘एकदा दिला, संपले’ हा न्याय कसा?

कापल्यानंतर उरलेल्या पायाला आम्ही दवाखान्यातल्या शब्दाने स्टंप म्हणतो. त्याचे माप कायम राहत नाही. उन्हाने काहींचा सुजतो. दिवसभर चालून संध्याकाळपर्यंत बहुतेकांचा थोडा आकसतो. वजन वाढले-घटले तरी माप बदलते. सॉकेट मात्र ज्या दिवशी माप घेतले त्या दिवसाचेच राहते. सारा त्रास या दोहोंतल्या फरकाचा आहे.

उन्हाळा सर्वांत कठीण. कृत्रिम पायाने चालायला जास्त शक्ती लागते, त्यामुळे घाम जास्त. त्यातच एका पायाची कातडी कमी झालेली, म्हणजे शरीरातली उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. लायनरमधून वारा जात नाही. घाम आत साचला की पाय घसरतो, कातडी सोलते, घामोळे आणि केसतोड होतात. यात एक गोष्ट वरिष्ठांना ठाऊक नसते. ‘थकलास तर बस जरा खुर्चीवर’ असे ते दयाबुद्धीने म्हणतात. पण पाय चढवलेला ठेवून नुसते बसल्याने सॉकेटच्या आतला ताप लवकर उतरत नाही. पाय काढावा लागतो, स्टंप पुसावा लागतो, लायनर पुसून कोरडा करावा लागतो. त्याला दहा मिनिटे आणि चार भिंतींचा आडोसा लागतो. आम्हाला सवलत नको आहे, आडोसा हवा आहे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो जयपूर फूट तयार केला, तो चिखलात चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी वावरणाऱ्या आपल्या माणसासाठी. रबराचा असल्याने तो पाण्याला भीत नाही. आता मात्र पुष्कळांच्या पायात धातूची नळी, पेच आणि सांधे असतात. ते रोज पुसून कोरडे केले नाहीत तर गंजतात. चामड्याचे पट्टे असतील तर त्यांना बुरशी येते. आणखी एक बारकावा असा की, कृत्रिम पाऊल एका ठरावीक टाचेच्या बुटावर जुळवलेले असते. पावसाळा आला म्हणून बूट काढून गमबूट घातले आणि टाचेची उंची वाढली, तर माणूस पुढे झुकतो. सपाट चप्पल घातली तर गुडघा मागे ढकलला जातो. कंबर का दुखते हे मग महिनाभर कळत नाही. ओल्या खडीवरून चालणाऱ्या पॉइंट्समनला आणि निसरड्या जिन्यावरून टपाल पोचवणाऱ्या पोस्टमनला हे कळलेच पाहिजे.

थंडीत, विशेषतः रात्रपाळीला, पाय सैल होतो. स्टंप सॉकेटमध्ये खोल उतरतो आणि त्याचे टोक तळाला आदळते. उपाय सोपा आहे: पिशवीत जाड-पातळ मोजे ठेवावेत आणि सैल वाटेल तसा एखादा वाढवावा. पहाटे लायनर बर्फासारखा गार लागतो, म्हणून तो झोपताना अंथरुणात जवळ ठेवावा. शेगडीवर किंवा हीटरसमोर पाय गरम करू नये, प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. काहींना थंडीत नसलेल्या पायाची वेदना वाढते. तोडलेल्या पायाची बोटे दुखतात असे सांगितले की लोक हसतात. हसू नये. ही वेदना खरी असते आणि तिच्यावर डॉक्टरकडे उपचारही असतात.

बारमाही नियम दोनच. एक, स्टंप आणि लायनर रोज रात्री साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. सकाळी धुऊन ओल्या कातडीवर पाय चढवू नये. दोन, रोज आरसा धरून स्टंप चारही बाजूंनी पाहावा. मधुमेही बांधवांनी हे मुळीच चुकवू नये, कारण त्यांना जखम दुखतेच असे नाही. पाय काढल्यावर वीसेक मिनिटांत लाली गेली नाही, तर त्या जागी दाब येतो आहे असे समजावे आणि पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवावे.

आता कुणी म्हणेल, एवढे सगळे तुमच्याच हातात आहे, तर तक्रार कसली? ऐका. आमच्यातल्या एका सॉर्टिंग करणाऱ्या साथीच्या स्टंपवर उन्हाळ्यात फोड आला. ‘पाय जमत नसेल तर काम कसे जमेल?’ असे कार्यालयात एकदा ऐकल्यामुळे त्याने तो आठ दिवस लपवला. फोडाची जखम झाली आणि सहा आठवडे पाय बाजूला ठेवावा लागला. वेळेवर दोन दिवस मिळाले असते तर सहा आठवडे गेले नसते. हानी त्याची झाली तशी खात्याचीही झाली.

त्याला जी भीती होती, तिला कायद्यात आधार नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने सांगितले की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येणार नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येणार नाही. पाय गमावलेल्या एका कॉन्स्टेबलच्या, कुणाल सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे संरक्षण ठामपणे मान्य केले. २०१६ च्या कायद्यात तेच कलम २० मध्ये आले. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून सामावून घ्यावे, असे त्यात आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या आदेशाने अपंगत्वाशी संबंधित गरजांसाठी वर्षाला ४ दिवस विशेष नैमित्तिक रजा दिली. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सहाय्यक साधने पुरवावीत किंवा त्यांचा खर्च द्यावा असे म्हटले. किती शाखा सचिवांनी हे आदेश आपल्या नोटीस बोर्डावर लावले आहेत? आणि कंत्राटदाराच्या माणसाचे काय? सरकारी आस्थापनेला बांधणारे कलम २० त्याच्यापर्यंत पोचत नाही. काम तोही त्याच खडीवर करतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

१) प्रत्येक यार्डात आणि मोठ्या टपाल कार्यालयात पाय काढून पुसण्यासाठी आडोशाची जागा, पाणी आणि पंखा असावा. उन्हाळ्यात दर पाळीत त्यासाठी ठरावीक वेळ मिळावा.

२) लायनर व मोजे हे झिजणारे सामान आहे. पायाबरोबर दुसरा जोड मिळावा आणि तो ठरल्या मुदतीने बदलून मिळावा.

३) माप बदलण्यासाठी व दुरुस्तीसाठी लागणारा दिवस कामाचा दिवस धरावा. राजनांदगाव किंवा नागपूरला जाऊन यायला दिवस मोडतो, तो कामगाराच्या रजेतून जाऊ नये.

४) हेच सारे कंत्राटी कामगारालाही मिळावे, अशी अट कंत्राटातच घालावी.

आमच्या शेजारच्या दल्ली-राजहऱ्यात खाण कामगारांनी १९८३ साली आपल्या संघटनेच्या बळावर शहीद रुग्णालय उभे केले. कामगाराचे शरीर हाही संघटनेचा विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. आम्ही रुग्णालय मागत नाही. पुढच्या शाखा सभेच्या विषयपत्रिकेवर आमचा विषय यावा आणि त्या सभेला कृत्रिम पायाचा प्रत्येक साथी हजर असावा, एवढेच मागतो. पाय काढून बसायची वेळ आली तर तिथे सर्वांसमोर काढून बसू. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

यंदाचा नवतपा येण्याआधी हे व्हावे.