‘शी’ म्हटले की हसणारी मुले

गेल्या महिन्यात एक आजी सून आणि पाच वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. काय होतंय, म्हणून विचारले तर सून मान खाली घालून गप्प. शेवटी आजीच म्हणाल्या, “डॉक्टर, पोरगं दिवसभर ‘शी’ आणि ‘पादलं’ ह्याबिगर दुसरं बोलतच नाही बघा. काल पाव्हणं आलं हुतं. त्यास्नी म्हणतंय, ‘शीचा चहा प्या.’ हिनं दिलं दोन रट्टे.” नातू टेबलाच्या कडेआड तोंड लपवून खुदुखुदु हसत होता.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आई-वडील ही तक्रार सहसा उघड सांगत नाहीत. ताप-खोकल्याचे औषध लिहून झाले की दाराशी जाताना हळूच विचारतात. वर एक वाक्य ठरलेले असते, “आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही हो, शाळेतनं शिकून आला असणार.” म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने लिहीत आहे. नाक मुरडू नका, ही विनंती.

पहिली गोष्ट अशी की हा आजार नाही आणि वाईट वळणही नाही. मूल दीड-दोन वर्षांचे झाले की आपण त्याला शी-शू सांगायला शिकवतो. ते दिवस आठवून पाहा. मूल भांड्यावर बसले की आजी समोर बैठक मारते. झाली की सगळे घर ‘शाब्बास’ म्हणते. संध्याकाळी बाबा घरी आले की चपला काढायच्या आत त्यांना ती बातमी मिळते. वर्षभर ज्या गोष्टीचे एवढे कौतुक झाले, तिचे नाव चौथ्या वर्षी पाहुण्यांसमोर घेतले की पाठीत धपाटा बसतो. यातली गंमत मुलाला चटकन कळते. एक शब्द उच्चारला की आईचा चेहरा लाल होतो, बाबांच्या हातातले वर्तमानपत्र खाली येते आणि ताई फिस्सकन हसते. एरवी ज्याचे घरात कोणी ऐकत नाही, अशा चिमुकल्याच्या हाती एवढी ताकद दुसऱ्या कशाने येणार?

दुसरे कारण थोडे खोल आहे. या वयात मुलाने आपल्या शरीरावर नुकताच ताबा मिळवलेला असतो. चड्डीत होईल की काय, ही धास्ती अजून पुरती गेलेली नसते. ज्याची धास्ती वाटते त्याला हसून माणूस ती हलकी करतो. मोठी माणसे नाही का परीक्षेवर आणि साहेबावर विनोद करीत? सिग्मंड फ्रॉइड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे वय मनाच्या वाढीतला एक महत्त्वाचा टप्पा मानले होते. त्यांची सगळी मते आज कोणी जशीच्या तशी स्वीकारीत नाही. पण शी-शू शिकण्याचा मनाशी संबंध असतो, हे दवाखान्यात रोज दिसते. शिवाय ‘शीचा चहा’ म्हणायला अक्कल लागते. चहा शीचा नसतो हे पक्के कळल्यावरच त्यात हसण्यासारखे काही सापडते.

हे खूळ आपल्याच घरात आहे, असेही समजू नका. जपानमध्ये २०१७ साली तिथली अवघड चित्राक्षरे शिकवणारी पुस्तके निघाली. त्यांतल्या प्रत्येक वाक्यात शीचा उल्लेख होता. पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या आणि कंटाळवाणी अक्षरे मुले हसत गिरवू लागली. आपण तरी कुठे मागे आहोत? आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचेच असते आणि पावसात ते वाहून गेले की प्रत्येक पिढीतले मूल खदखदून हसते. वर्गात वास सुटला की बोट फिरवत चोर शोधण्याचे बडबडगीत आज साठीला आलेल्यांनीही म्हटलेले आहे. ‘पादा पण नांदा’ ही म्हण तर आपल्या आज्यांनीच जपली.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पण याची दुसरी बाजू मी पाहिली आहे आणि खरे तर तिच्यासाठीच हा लेख.

काही वर्षांपूर्वी पहिलीतला एक मुलगा माझ्याकडे आला. रोज चड्डी खराब होत होती. घरच्यांना वाटले जुलाब, म्हणून औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायचे औषध आणून दिले. त्रास वाढला. पोट तपासले तर आतड्यात कडक मळाचे गोळे हाताला लागले. जुलाब कसले, ती उलट महिन्यांची बद्धकोष्ठता होती! हळूहळू विचारल्यावर मुलाने सांगितले, ‘शी लागली’ असे वर्गात मोठ्याने म्हटल्यावर सगळे हसले. बाईंना वाटले मुद्दाम वात्रटपणा करतोय. त्यांनी ‘घाणेरडा’ म्हणून कोपऱ्यात उभे केले. त्या दिवसापासून शाळेत असेपर्यंत तो दाबून धरू लागला. घरी सांगावे तर तो शब्द घरातही बंद.

दाबून धरल्याने काय होते ते नीट समजून घ्या. मोठे आतडे मळातले पाणी शोषत राहते. मळ कडक आणि मोठा होतो, बाहेर येताना दुखतो. दुखले की मूल पुढच्या वेळी आणखी दाबते. गुदाशय ताणून सैल पडतो आणि लागल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो आणि चड्डी खराब होते. हे मूल आळशी नसते आणि मुद्दामही करीत नसते. त्याला मारणे म्हणजे आगीत तेल ओतणे. लघवी दाबणाऱ्या मुलींमध्ये मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तोही याच दुष्टचक्राचा भाग.

त्या मुलाला बरे व्हायला कित्येक महिने लागले. मळ मऊ ठेवणारे औषध, भरपूर पाणी, पपई-पेरू, ज्वारीची भाकरी, दुधाचे जास्तीचे पेले कमी, आणि रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शांतपणे संडासात बसणे. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवायचा, पाय लोंबकळत राहिले तर जोर करता येत नाही. पण यापेक्षाही जास्त वेळ लागला तो ‘आई, मला लागली’ एवढे तीन शब्द बिनघोर म्हणायला.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या शब्दाची मुलाला लाज वाटते, त्या शब्दामागचे दुखणेही ते लपवते. हे केवळ पोटापुरते नाही. कमरेखालचे सगळे ‘शी, घाण’ म्हणून ज्याला गप्प केले, ते मूल उद्या कोणी नको तिथे हात लावला तर कोणत्या तोंडाने सांगणार? मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ साली पॉक्सो कायदा झाला. कायदा चांगला आहे, पण मुलाने सांगितल्याशिवाय बहुतेक वेळा त्याची पावलेच हलत नाहीत. शरीराच्या प्रत्येक भागाला मुलाजवळ साधे, बिनलाजेचे नाव असले पाहिजे.

आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले, ते मूल भीतीशिवाय आनंदाने शिकते या विश्वासावर. अक्षरे-अंकांना जे लागू, तेच शरीराच्या शिकण्यालाही लागू आहे.

“मग काय, पाहुण्यांसमोर वाट्टेल ते बोलू द्यायचं?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. कुठे काय बोलावे हे शिकवायचेच, पण शब्दाला घाणेरडे न ठरवता. जेवताना आणि पाहुण्यांत नाही, संडासात किंवा आंघोळीच्या वेळी हवे तेवढे, असा साधा नियम ठेवा. नियम मोडला तर चेहरा न बदलता एकदा आठवण द्या आणि दुसरा विषय काढा. आज हसायचे आणि उद्या मारायचे, असे करू नका. त्याने शब्दाची गोडी वाढतेच. मात्र दुसऱ्या मुलाची चड्डी खराब झाली म्हणून कोणी चिडवत असेल, तर तिथे ठामपणे थांबवा. त्यात गंमत नाही. शाळेतल्या बाईंनाही विनंती, मुलाने परवानगी मागितली की आधी जाऊ द्या. वात्रटपणा होता की नाही ते नंतर पाहता येते.

सात-आठ वर्षांचे झाले की हे वेड बहुधा आपोआप ओसरते. मळात रक्त दिसले, पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, वजन वाढेनासे झाले, वारंवार चड्डी खराब होऊ लागली किंवा वयाला न शोभणारी लैंगिक माहिती मूल अचानक बोलू लागले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

उपदेश करणाऱ्यानेही कबुली दिलेली बरी. माझा मुलगा चार वर्षांचा असताना गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींसमोर त्याने असाच एक बार उडवला. मी डॉक्टर असूनही सर्वांदेखत त्याला खडसावले. पुढे दोन दिवस तो संडासात जाताना माझ्याकडे चोरून पाहत होता. ती नजर मी विसरलेलो नाही.

त्या आजींना मी एवढेच सांगितले, “पोरगं ठणठणीत आहे. औषध काही नाही, रट्टे तेवढे बंद करा.” आजी सुनेकडे वळून म्हणाल्या, “मी सांगत हुतो की तुला! हेचा बा काय कमी हुता व्हय?” तेव्हा कुठे सून पहिल्यांदा हसली.