उताराची जबाबदारी

सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या जोयडा तालुक्यात सपाट रस्ता ही अपूर्वाईची गोष्ट आहे. कारवार गाठायचे तर अणशी घाट उतरावा लागतो आणि गोव्याकडे वळायचे तर अनमोड घाट. काळी नदीवरील धरणाने जुने सुपे पाण्याखाली गेले, तेथील विस्थापितांनी रामनगरात नवे संसार मांडले. पण चढ-उतारांनी कोणाचीच पाठ सोडली नाही. धडधाकट माणसाच्या पायांना त्यांची सवय होते. पायांनी अधू असलेल्या आणि तिचाकीवर बसून बाजार, बँक, तालुका कचेरी गाठू पाहणाऱ्या माणसापुढे मात्र प्रत्येक उतार नवी परीक्षा घेऊन उभा असतो.

अपंगांना साधने पुरविण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ सालची आहे. कानपूर येथे १९७२ साली स्थापन झालेली ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी हाताने फिरवायच्या तिचाकीपासून बॅटरीवरील गाडीपर्यंत अनेक साधने तयार करते. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि, वाहनवाटपाच्या समारंभात हारतुरे होतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. ते वाहन उतारावर कसे हाकावे, हे सांगण्यास मात्र बहुधा कोणाला सवड नसते. ही विद्या फार अवघड नाही, पण ती ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते.

चढ असो वा उतार, गाडी सरळ रेषेत न्यावी. मध्येच वळविली किंवा तिरकी नेली, तर सारा भार खालच्या बाजूच्या चाकावर येऊन ती कलंडते. चढताना अंग पुढे झुकवावे, उतरताना मागे रेलावे. आसनामागे तांदळाची पिशवी लटकवून चढ चढणे म्हणजे पुढचे चाक उचलले जाण्यास निमंत्रण देणे होय. वेग उतार लागण्यापूर्वीच कमी करावा, उतारावर पोचल्यानंतर नव्हे. काही बॅटरी-गाड्यांत मोटार चाकांपासून मोकळी करण्याची कळ असते. तिला उतारावर हात लावू नये, कारण तिच्याबरोबर मोटारीचा रोधही सुटतो आणि गाडी बेफाम धावू लागते. जोडचाकांच्या पेट्रोल स्कूटरवाल्यांनी इंजिन बंद करून घरंगळत जाण्याचा मोह टाळावा. चढावर बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून परतीच्या वाटेचा हिशेब घरूनच करून निघावे. आणि बॅटरीवरील छोटी गाडी घाटरस्त्यावर नेऊच नये.

परंतु एवढे सांगून चालकावर सारा भार टाकणे अन्यायाचे ठरेल. रस्त्याचा उतार निसर्गाने दिला. इमारतीपुढचा उतार माणसाने बांधलेला असतो. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी, हे त्याचे मान्य प्रमाण. म्हणजे दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट लांबीचा उतार हवा. तोच आठ फुटांत उरकला, तर चढ तिप्पट तीव्र होतो. अशा उतारावर मालवाहू हातगाडीदेखील दोघांनी धरावी लागते. तेथे एकट्या अपंगाने काय करावे? त्यातच कडेला कठडा नसला, माथ्यावर गाडी वळविण्यास सपाट जागा नसली आणि पावसाळ्यात गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरले, तर ती सोय राहत नाही, सापळा होतो.

कायदा याबाबत मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करावेत, असा निर्वाळा दिला. तेव्हा हा प्रश्न आता दयेचा उरलेला नाही.

आमची मागणी साधी आहे. वाहन देताना लाभार्थ्याला त्याच्याच गावच्या चढ-उतारावर एक दिवस सराव द्यावा आणि ब्रेक तपासून घेण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणीच असावी. पंचायतीने आणि बांधकाम खात्याने कचेऱ्या, दवाखाने, शाळा यांचे उतार टेप लावून मोजावेत आणि जे प्रमाणात नसतील ते तोडून नव्याने बांधावेत. देवस्थानांच्या समित्यांनीही सभामंडपाच्या पायऱ्यांशेजारी असा एक उतार करावा. देवदर्शनासाठी कोणाला उचलून न्यावे लागू नये. गाडी सांभाळून हाकणे हे चालकाचे काम, ते तो करीलच. उतार नीट बांधणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी आपला वाटा उचलावा.