एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे!

सण जवळ आला किंवा घरात लग्नकार्य निघाले की दोन-तीन घरे मिळून तेलाचा डबा आणतात. दुकानात एका डब्यावर ‘१५ किलो’ छापलेले असते, दुसऱ्यावर ‘१५ लिटर’. लिटरचा डबा थोडा स्वस्त दिसतो म्हणून आपण तोच उचलतो. दोन्हींत तेल सारखेच, अशी आपली समजूत असते. ती खरी आहे का, ते आज पाहू. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘घनता’ नावाचा धडा असतो. हा हिशेब त्याच धड्यातला आहे.

किलोने आपण वस्तूचे वजन मोजतो आणि लिटरने तिने व्यापलेली जागा. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे जुळतात. एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरते. म्हणून इतर पातळ पदार्थांचेही तसेच असेल असे आपल्याला वाटते. पण तेवढ्याच जागेत कुठल्या पदार्थाचा ऐवज जास्त मावतो, कुठल्याचा कमी. वजनाला जागेने भागले की जो आकडा येतो, तीच त्या पदार्थाची घनता. पाण्याची घनता एका मिलिलिटरला १ ग्रॅम, खाण्याच्या तेलाची सुमारे ०.९१, रॉकेलची सुमारे ०.८, तर काकवीची पाण्याहून बरीच जास्त.

मुलांनो, हे डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या पेल्यात दोन बोटे काकवी ओता. तिच्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू पाणी सोडा आणि शेवटी तेल. तीन थर दिसतील : तळाला काकवी, मध्ये पाणी, वर तेल. आता ढवळा आणि थोडा वेळ थांबा. काकवी पाण्यात विरघळून एकजीव होईल, पण तेल पुन्हा वर येईल. यातून दोन गोष्टी कळतात. कोण वर आणि कोण खाली, हे घनतेवर ठरते. कोण कोणात मिसळणार, हे त्या पदार्थांच्या गुणधर्मावर ठरते. तेल बोटाला पाण्याहून दाट लागते, तरी ते तरंगते. चिकट, दाट लागणे वेगळे आणि घनता वेगळी.

आता डब्यांकडे वळू. १५ लिटरला ०.९१ ने गुणा. उत्तर येते १३.६५. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅम असते, १५ किलोच्या डब्यापेक्षा १ किलो ३५० ग्रॅम कमी. यात दुकानदाराची लबाडी नाही, कारण डब्यावर लिटर स्पष्ट लिहिलेले असते. फसतो तो न वाचणारा. तेव्हा भाव नेहमी एकाच मापात आणून ताडावा. लिटरचा भाव १३५ रुपये असेल, तर १३५ ला ०.९१ ने भागा. किलोला १४८ रुपयांच्या वर पडतात. शेजारचे तेल १४५ रुपये किलो असेल, तर दिसायला महाग असलेले तेच खरे स्वस्त.

आणखी एक बारकावा. तेल तापले की फुगते आणि त्याची घनता कमी होते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, पण ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. काही कंपन्या ‘१ लिटर’ लिहून शेजारी असे चढे तापमान छापत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने त्यांना तापमानाचा उल्लेख न करता लिटर आणि वजन दोन्ही छापण्यास सांगितले. म्हणून पिशवीवरचा ग्रॅमचा आकडा अवश्य वाचा.

याच घनतेचा एक धडा जिवाशी गाठ घालणारा आहे. माताभगिनींनी तो नीट ध्यानात ठेवावा. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी कधीही ओतू नये. पाणी जड म्हणून ते तेलाच्या खाली जाते. तिथे उकळत्या तेलात त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. ती वर उसळताना पेटते तेल छतापर्यंत आणि अंगावर उडवते. अशा वेळी गॅस बंद करावा, कढईवर मोठे ताट किंवा झाकण सरकवावे आणि ती गार होईपर्यंत झाकण काढू नये. पेटती कढई उचलून बाहेर धावू नये. रॉकेल पेटले तरी पाणी मारू नये. ते पाण्यावर तरंगत आग पसरवते. त्यावर वाळू किंवा माती टाकावी.

मुलांनी या आठवड्यात एवढे करावे. घरातल्या तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचावेत, त्यांना मिलिलिटरने भागावे आणि आलेला आकडा आईला दाखवावा. पुढच्या वेळी डबा आणायला जाताना तो हिशेब सोबत न्यावा.